तेवीस तारखेचं ताट

बंगळूर, २१ जुलै २०२५

ताई,

फोनवर तू सुरू झाली की मी कापतो, मी सुरू झालो की तू कापते. म्हणून तूच म्हणाली होती, बाप्पा, पत्र टाकत जा, कागद तरी मधात बोलत नाही. तं घे. अक्षराले हसू नको. आठवीनंतर पेन धरला तो फक्त सही करायले.

तू सावरगावात सगळ्यायले सांगते का भाऊ बंगळूरले मोठ्या कंपनीत आहे. खरं काय ते तुले सांगून ठेवतो. एका मॉलमधी एका मॅडमचा ठेका आहे. ते रोज सकाळी मोबाइलात पाहते का आज कशाचा दिवस. रोज कशाचा ना कशाचा असतेच. तिकडं अमेरिकेत कोणी तरी बसून ठरवते का आज भज्याचा दिवस, उद्या चड्डीचा दिवस, अन् इथं मले त्याचं सोंग घ्या लागते. गर्दी जमते, फोटो काढते, खाते, जाते.

काल रविवारी एकाच तारखेवर चार दिवस येऊन पडले. माणूस चंद्रावर उतरला तो दिवस, आइस्क्रीमचा दिवस, लॉलीपॉपचा दिवस, अन् बुद्धिबळाचा दिवस. मॅडमनं एकही सोडला नाही. सकाळी मी चंद्र, दुपारी लॉलीपॉप, संध्याकाळी बुद्धिबळातला घोडा. चंद्राच्या पोशाखातला फोम माह्या अगोदरच्या पोट्ट्याच्या घामानं पिवळा पडला आहे. नाकापाशी त्याच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा वास अजून बसून आहे. तो पोट्टा काम सोडून गेला, वास नाही गेला. लेकरं आइस्क्रीम खातात अन् हात माह्या पोटाले पुसतात. एकानं तं पायावर ओकून दिलं, गुलाबी गुलाबी. मी सरकून राहिलो तं मॅडम म्हणे, हलू नको, फोटो चालू आहे.

उरलेलं आइस्क्रीम बादल्यानं मोरीत ओतलं. रात्रभर त्या मोरीतून आंबट वास येऊन राहिला. मी तिच्याच बाजूले झोपतो.

तुमचं बरं आहे. पोळा म्हणजे पोळा, एकच दिवस.

चेतन


सावरगाव, ३० जुलै

चेतन,

पोस्टमन दारात उभा राहून म्हणतो, दामिनीवहिनी, कोर्टाचं आहे का? आता पत्र म्हणजे कोर्टाचंच येते. मी म्हटलं, भावाचं आहे. तर त्याला ते जास्त वाईट वाटलं.

तुझं पत्र जेवताना वाचायला नको होतं. पण एकच दिवस म्हणतोस ते खोटं. पोळ्याचा दुसरा दिवस विसरलास का? यंदा तो तेवीस ऑगस्टला आहे. त्या एका तारखेला सौंसरात पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरतात, नागपुरात मारबतीचे पुतळे काढून जाळतात, आणि आपल्या जाम नदीवर गोटमार. आमच्याही एका तारखेत काही कमी भरलेलं नाही. फरक एवढाच, तुमच्या दिवसांत लोक फोटो काढून घरी जातात. आमच्यात दवाखान्यात.

तू बाहेर राहून विसरला असशील म्हणून सांगते. सकाळी नदीच्या मधात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. तिकडच्या काठावर पांढुर्णा, इकडच्या काठावर सावरगाव, आणि झाड पडेपर्यंत दिवसभर देवीचं नाव घेऊन एकमेकांवर दगड. मी तिकडची लेक आणि इकडची सून. माझ्या नवऱ्याला लागतो तो गोटा माझ्याच माहेरचा असतो. बायका मला विचारतात, कोणाच्या बाजूने हात जोडले? मी म्हणते, डॉक्टरच्या.

मुद्द्यावर येते. पोळ्याला ये. आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जेवायला बस.

आमच्या सासऱ्यांच्या घराची एक चाल आहे, तुला माहीत नसेल. गोटमारीच्या दिवशी पैलतीरचा पाहुणा घरात ताटावर बसला असेल, तर घरधनी नदीवर जात नाही. ज्या गावचा माणूस आपलं अन्न खाऊन राहिला, त्या गावावर गोटा उचलायचा नाही. पण पाहुण्यानं संध्याकाळपर्यंत बसलं पाहिजे. तो उठून उंबऱ्याबाहेर गेला की चाल संपली. सासरे होते तोवर दरवर्षी त्यांचे साडू येऊन बसायचे. आता कोणी येत नाही.

मटण करीन. तुला आवडते तसं, खोबरं भाजून.

ताई


बंगळूर, ७ ऑगस्ट

ताई,

जमत नाही.

एक तं मॅडम सुट्टी देत नाही. तेवीस तारीख तिनं आतापासून भिंतीवर लिहून ठेवली. त्या दिवशी आपल्या देशाचा अंतराळ दिवस आहे, म्हणजे आपलं यान चंद्रावर उतरलं तो. त्याच दिवशी अमेरिकेत स्पंज केकचा दिवस. अन् अजून एक आहे, वाऱ्यावर स्वार व्हायचा दिवस. कोणाले सुचते हे? मॅडमनं तिन्हीची खिचडी केली. केकचं रॉकेट बनवणार, माह्याहून उंच, अन् मी त्याच्यात बसणार. वरून पंखा लावणार. मग लोकं रॉकेट हातानं तोडून खाणार.

गेल्या रविवारी मैत्रीचा दिवस अन् टरबुजाचा दिवस एकाच तारखेले आला. मी टरबूज होतो. कॉलेजची पोट्टे-पोट्टी एकमेकायच्या मनगटाले दोरे बांधत होते अन् टरबुजं डोक्यानं फोडत होते. फोडले किती, खाल्ले किती. फरशीवर लाल पाणी, त्याच्यात दोरे, त्याच्यात माशा. माह्या पायाले रात्रीपर्यंत चिकट होतं. मले वाटलं हे लोकं आपल्याहून काही वेगळे नाहीत. यायले फक्त दगड महाग पडते.

अन् दुसरं म्हणजे, मी तुले ओळखतो. मी नदीवर उतरू नये म्हणून तू मले ताटाले बांधून राहिली. चाल-बिल सगळं तुह्या मनचं आहे. ताई, मी ते सोडलं. मले त्याची किळस येते. दारू पिऊन, शर्ट काढून, ज्याच्या बहिणीच्या लग्नात जेवलो त्याचं डोकं फोडायचं, अन् संध्याकाळी त्यालेच दवाखान्यात पाहायले जायचं. मले नाही ओढ त्याची. तिकडं येऊन सिद्ध कायले करू?

तिसरं. भाऊजींच्या ताटात मी काहून बसू? लग्नानंतर ते एकदा तरी म्हणाले का, चेतन, ये? मले तं 'तुझा तो टवाळ भाऊ' म्हणतात. तुह्याच तोंडून ऐकलं आहे.

चेतन


सावरगाव, १३ ऑगस्ट

चेतन,

हे स्पीड पोस्टानं टाकून राहिली, मिळाल्यावर फाडून टाक.

चाल माझ्या मनची नाही. आणि तुला बोलवायचं मला सुचलं नव्हतं. ते यांनीच म्हटलं. जुलैत एका संध्याकाळी संत्र्याच्या बागेतून आले, पाय धुतले, आणि मान वर न करता म्हणाले, "चेतनले बोलाव ना पोळ्याले." मी म्हटलं, तुमचं तर त्याच्याशी पटत नाही. तर म्हणाले, "पटाले कायले पाहिजे. जेवायचंच तं आहे."

मी समजली.

मागच्या वर्षी यांच्या कानामागे गोटा लागला ते तुला सांगितलं होतं. टाके पडले तेवढंच सांगितलं होतं. नंतरचं नाही. आता स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी हे दोन्ही हात डोक्यावर घेतात. मग आपणच हसतात, म्हणतात, मच्छर होता. गल्लीत पोरं क्रिकेट खेळली की आतल्या खोलीत जाऊन बसतात. बागेत संत्रं गळून पडते ना, पट् करून, तेवढ्यानं यांना घाम येते. माणूस दिवसभर झाडाखाली काम करतो, आणि झाडाचीच धास्ती घेतो.

आणि गल्लीतल्या हिरामणनं अन् त्याच्या पोट्ट्यांनी यंदा ठरवलं आहे की नदीत उतरून झेंड्याच्या झाडावर कुऱ्हाड यांनीच, म्हणजे त्यांच्या वीरेंद्रनंच, मारायची. रोज ओट्यावर येऊन बसतात, पाठीवर थाप मारतात, आमचा वाघ म्हणतात. हे हसतात. रात्री यांचं पांघरूण ओलं असते.

भीती वाटते असं हे मलाही म्हणाले नाहीत, त्यांना काय म्हणतील? या गावात कोणी तसं म्हणून जगला आहे का? पाहुणा असला तर मान राहते. घराची चाल आहे म्हटलं की कोणी तोंड उघडत नाही.

तुला गोटे मारण्यापासून थांबवायचं असतं तर मी सरळ थांबवलं असतं, तुझ्या कानाखाली देऊन. हे तुझ्यासाठी नाही. यांच्यासाठी आहे. तुला काहीच करायचं नाही. फक्त बसायचं. मला माहीत आहे, तुला तेच जमत नाही. शाळेत बसला नाहीस, दुकानात बसला नाहीस, माझ्या लग्नात हळदीला सुद्धा बसला नाहीस. एक दिवस बस.

यांना कळू देऊ नको की तुला माहीत आहे.

ताई


बंगळूर, ६ सप्टेंबर

ताई,

मी फोन बंद ठेवला आहे. तुहा आला असेल तं माफ कर. तुह्या तोंडून ऐकायची हिंमत नाही, कागदावर वाचून घेईन.

काल मास्तरायचा दिवस होता. त्याच तारखेले चीज पिझ्झाचा दिवस, अन् हसू नको, उशिरा जायचा दिवस. खरंच आहे तसा. मले मास्तरचं मोठं डोकं घालायले दिलं, चष्म्यावालं, अन् हातात पिझ्झा. आठवी नापास मास्तर. चीजचा गरम वास डोक्यात भरून राहिला होता, ओल्या मोज्यासारखा. मले ते डोकं काढावंच वाटलं नाही. आत कोणी तोंड पाहत नाही.

मॅडमनं मले काढलं नाही. न सांगता पळालो, रॉकेटमधी दुसऱ्याले बसवा लागलं, तरी नाही काढलं. माह्या पोशाखात शिरायले कोणी तयारच नाही.

आता त्या दिवसाचं. तू तव्यापाशी होती, तुले आतलं सगळं दिसलं नसेल.

तू वाढलं तेव्हा मी मनातून बसायलेच आलो होतो. देवाशप्पथ. आईकडं सुद्धा गेलो नाही, नदी ओलांडली तं पाय घसरेल म्हणून. भाऊजी माह्या समोर बसले. त्यायच्या हातात एक हड्डी होती, तेच सकाळपासून धरून होते, खात नव्हते, ठेवत नव्हते. नदीवर आवाज उठला की त्यायचा डावा खांदा वर जाये. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग ते एकदम म्हणाले, "तिकडं बंगळूरले गरम होते का?" मी म्हटलं, "मले होते. आतमधी असतो ना." ते हसले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मले तो माणूस बरा वाटला.

मग हिरामण दारात आला. उघडा, दारूचा वास, खांद्यावरून रक्त वाहून वाळलेलं, त्याच्यावर माशी. म्हणे, "वीरेंद्र, चाल ना बे. झाड उभं आहे अजून."

"पाहुणा बसला आहे," भाऊजी म्हणाले.

"कोणता पाहुणा, हा बंगळूरवाला? याले ओट्यावर शिळं पुरण टाकलं असतं तरी बसला असता."

"घराची चाल आहे. पाहुणा उठला की येतो."

हिरामण माह्याकडं पाहून थुंकला, उंबऱ्याच्या बाहेर, पण पाहून. अन् गेला.

ताई, त्याच्यानंतर मी किती वेळ बसलो मले माहीत नाही. ताटातल्या रश्श्यावर चरबी गोठून पांढरी झाली होती. तिच्याकडं पाहत होतो. तेवढ्यात नदीवर मोठा गजर झाला, झाड हललं असेल, अन् मी ताट सरकवलं. थुंकल्याचा राग होता म्हणू का? नव्हता. खोटं कायले लिहू. मले फक्त तिथं जायचं होतं. मी म्हटलं, हात धुवून येतो. भाऊजींनी माह्याकडं पाहिलं. हड्डी ताटात ठेवली, बस. मी उंबरा ओलांडला.

नदीवर गेलो तं सावरगावच्याच काठावर होतो. पलीकडं आपलं गाव. पुलावरून फिरून तिकडं जायचा दम नव्हता मले. बोटाले रस्सा लागलेला, त्याच बोटानं गोटा उचलला अन् मारला. आपल्याच गावावर. मग दुसरा मारला. तिकडं पिवळ्या शर्टाचा एक जण गुडघा धरून खाली बसला. तो आपल्या गल्लीतला असेल, माह्यासंगं शाळेत असेल. अन् मले मजा आली, ताई. इतकी मजा मले बंगळूरले एका दिवसाची नाही आली. आइस्क्रीम ओतणाऱ्यायले मी नावं ठेवली, टरबूज फोडणाऱ्यायले ठेवली. त्यायच्या मोरीतला वास माह्याच आतून येऊन राहिला होता.

बाभळीच्या मागं जाऊन ओकलो. तुहं सगळं मटण तिथं गेलं. तिथं वाकून होतो तेव्हाच मागून लोकं ओरडले, "वीरेंद्र आला रे, वीरेंद्र आला." मी वळून पाहिलं नाही. वावरातून पळालो तो तिगावच्या स्टेशनापर्यंत. जे गाडी आली त्याच्यात बसलो.

मी उठलो म्हणून त्यायले उठा लागलं. ज्यासाठी तू बोलावलं, तेच मी मोडलं. आता एक लिहून टाक. त्यायले लागलं का? किती लागलं?

चेतन


सावरगाव, १५ सप्टेंबर

चेतन,

तुझं पत्र मी दोन वेळा वाचलं. पहिल्यांदा तुझी किळस आली. दुसऱ्यांदाही आली. ती गेल्याशिवाय लिहायचं नाही ठरवलं होतं, पण ती जाईना, म्हणून तशीच लिहून राहिली.

पिवळ्या शर्टवाल्याचं मला विचारू नको. त्या दिवशी अर्धं गाव गुडघा धरून बसलेलं असते. तूच शोध त्याला.

यांना लागलं नाही. हे गेलेच नाहीत.

"वीरेंद्र आला" हे हिरामणची माणसं सकाळपासून मधून मधून ओरडत होती, पलीकडच्यांना धाक बसावा म्हणून. तू पळत सुटलास ते नुसत्या नावाला.

इथं काय झालं ते ऐक. तू गेलास, मी तव्यावरून उठून आली तर तुझं ताट तसंच, आणि हे समोर बसलेले. मी तिथंच खाली बसली. बोलली असती तर रडली असती. इतक्यात हिरामण परत आला, संगे चार-पाच. तुला नदीवर पाहून आले होते. खूश होते.

"उठला ना तुहा पाहुणा. आता चाल."

हे म्हणाले, "मी जेवून राहिलो."

"ताट तं केव्हाचं थंड झालं."

"थंडच जेवून राहिलो."

हिरामण उंबऱ्यावर पाय ठेवून उभा राहिला. म्हणे, "वीरेंद्र, खरं सांग बे. कोणाले भेते तू?"

मला वाटलं आता हे उठतील. पाय दुमडून घेतला होता, हात जमिनीला टेकला होता. नदीवरून आवाज येत होता, यांचा खांदा त्या सगळ्यांच्या देखत वर गेला. लपवला नाही.

"गोट्याले," हे म्हणाले.

ते हसले. हसतील म्हणून मी वाटच पाहत होती. पण ते हसू काही जमलं नाही त्यांना, अर्ध्यातच एक जण खोकायला लागला. मग गेले. यांनी एक भाकर अजून मागितली आणि सगळं संपवलं, गोठलेल्या चरबीसकट. मी म्हटलं, गरम करून देते. म्हणाले, राहू दे.

संध्याकाळी कोणी तरी आमच्या दाराच्या कडीला हिरव्या बांगड्या बांधून गेलं. बाहेर येऊन यांनी पाहिल्या आणि उभेच राहिले. मी सोडल्या आणि घातल्या. मापाच्या होत्या. अजून हातात आहेत.

फुकटात काही सुटलं नाही, तेही सांगते. गणपतीत मंडळानं यांना वर्गणी मागितली, आरतीला बोलावलं नाही. ओट्यावर आता कोणी येऊन बसत नाही. बागेत हे एकटे जातात. चहाच्या टपरीवर हिरामणसंगतचा मनोहर यांच्या मागे पेला आपटतो, दचकतात का पाहायला. हे दचकतात. चहा पिऊन येतात. पण रात्री झोपतात, चेतन. घोरतात. वर्षभरानंतर मी त्यांच्या घोरण्यानं जागी राहते.

काल मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, सगळं. तू मजा आली म्हणतोस तेही. मग म्हणाले, "पुढच्या पोळ्याले चेतनले बोलाव."

मी म्हटलं, "कायले? आता तुम्हाला पाहुणा लागत नाही."

"मले नाही लागत," ते म्हणाले. "त्याले ताट लागते."

मी अजून हो म्हटलं नाही.

दामिनी